ओपेथ: 'वॉटरशेड'नंतरचा 'हेरिटेज' आणि सांध्यांचा प्रश्न

उद्यमबाग

2024 च्या नोव्हेंबरात ओपेथ या स्वीडिश मेटल बँडचा 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' हा अल्बम आला, तेव्हापासून आपल्याकडच्या मेटलवाल्यांचं एकच पालुपद चाललंय: ग्राउल (ते गुरगुरतं गाणं) परत आला, म्हणजे ओपेथ परत आला. मग 'हेरिटेज' (2011), 'पेल कम्युनियन' (2014), 'सॉर्सरेस' (2016) आणि 'इन कॉडा व्हेनेनम' (2019) हे चार अल्बम कोणी केले? शेजाऱ्यांनी?

मला यातल्या पहिल्यावर बोलायचंय. बाकीचे ओघात येतील.

ज्यांनी हा बँड ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओपेथ स्टॉकहोमचा, 1990 च्या सुमारास सुरू झालेला. पहिला अल्बम 1995 चा. गाणी रचणारा, गाणारा आणि गिटार वाजवणारा एकच माणूस, मिकाएल ऑकरफेल्ट. दहा-बारा मिनिटांची गाणी. त्यात पोटातून काढलेला डेथ मेटलचा ग्राउल, आणि त्याच गाण्यात पुढं अकूस्टिक गिटारवर इतक्या साध्या गळ्यानं गाणं, की हा तोच माणूस यावर विश्वास बसू नये. 'ब्लॅकवॉटर पार्क'नं (2001) त्यांचं नाव जगभर झालं. 2008 ला 'वॉटरशेड' आला. सगळे खूश. तीन वर्षांनी 'हेरिटेज' आला आणि त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही ग्राउल नाही. सुरुवातीला नुसता पियानो, मग सत्तरच्या दशकातला प्रोग (प्रोग्रेसिव्ह रॉक), जॅझच्या वळणाचे ड्रम, बासरी, मेलोट्रॉन नावाचा टेपवाला कीबोर्ड. बरेच लोक तिथंच उतरले.

माझं म्हणणं असं की रडायचं कारण लोकांनी चुकीचं निवडलं. जुन्या ओपेथमध्ये गाणं पुढं कसं सरकायचं? जड भाग संपला की हलका, हलका संपला की जड. अंगावर काटा यायचा तो त्या वळणावर, त्या सांध्यावर. गाण्याची सगळी बांधणीच त्यावर पेललेली होती. 'हेरिटेज'मध्ये त्यांनी एक टोक काढूनच टाकलं. मग वळायचं कुठून कुठं? त्यामुळं तिथली गाणी मध्येच थांबतात, थोडी शांतता येते, आणि दुसरंच काहीतरी सुरू होतं. 'हेक्सप्रोसेस' ऐका, 'फॅमिन' ऐका. एकेक तुकडा घ्या, लाख मोलाचा आहे. पण आमच्या फाउंड्रीत साच्याचा वरचा आणि खालचा बॉक्स नीट जुळला नाही की कास्टिंगला शिफ्ट येतो, म्हणजे दोन अर्धे सांध्यावर सरकतात, तसं झालंय. धातू चांगला, साचा चांगला, आणि जॉब रिजेक्ट.

रिजेक्ट म्हटलं तरी मी हा अल्बम वरचेवर ऐकतो, हेही सांगून ठेवतो. पण का ऐकतो ते 'क्लीन आवाज किती गोड' यापेक्षा वेगळं आहे. आधी तुमचं येऊ दे.

खानापुरी

एवढं लिहिलास आणि शेवटी 'वरचेवर ऐकतो' म्हणूलालास. काय बे हे!

आम्ही हॉस्टेलला असताना 'घोस्ट रेव्हरीज'ची राइट केलेली सीडी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरायची. ओरखडे पडून तिसरं गाणं अडकायचं, तरी ऐकायचो. 'हेरिटेज' पेनड्राइव्हवर आला तेव्हा मला वाटलं कुणीतरी चुकीची फाइल नाव बदलून टाकलीय. दोनदा डिलीट करून परत आणली. शेवटी कव्हर बघितलं तर खरंच तेच.

सांधा-बिंधा मला कळत नाही. मला गिटारचं वजन पाहिजे होतं. ते नाही. विषय संपला.

तिसरं_गेट

विषय कसा संपला? 'डॅमनेशन'चं काय करणार मग? 2003 चा अल्बम. त्यात पण ग्राउल नाही. मेलोट्रॉन आहे, निर्माता म्हणून स्टीव्हन विल्सन आहे, सगळं हळुवार. तेव्हा कुणी फाइल डिलीट केली नाही. उलट माझ्या ओळखीत जे मेटल अजिबात ऐकत नाहीत त्यांनाही 'डॅमनेशन' आवडतो. लग्नाच्या आधी मी बायकोला तोच ऐकवला होता. (आता ती मला 'लास्ट विल'चा आवाज कमी कर म्हणते, ते जाऊ दे.)

मग 2003 ला चाललं ते 2011 ला का चाललं नाही?

उद्यमबाग

@तिसरं_गेट, हा मुद्दा कुणीतरी काढणार हे माहीत होतं. 'डॅमनेशन' एकटा नव्हता. 'डिलिव्हरन्स' आणि तो एकाच वेळी रेकॉर्ड झाले. पहिला 2002 च्या नोव्हेंबरात आला, दुसरा 2003 च्या एप्रिलमध्ये. एकात सगळं जड, दुसऱ्यात सगळं हलकं. म्हणजे जे वळण आधी एका गाण्यात असायचं ते त्यांनी दोन अल्बमांच्या मध्ये नेऊन ठेवलं. ऐकणाऱ्याला माहीत होतं की दुसरं टोक शाबूत आहे, कपाटात आहे. 'हेरिटेज'च्या वेळी कपाट रिकामं. 2011 च्या दौऱ्यात तर जुनी गाणीसुद्धा त्यांनी ग्राउल नसलेलीच निवडून वाजवली. लोक तिकीट काढून गेले आणि संतापून आले.

सात_मात्रा

मी मेटलवाला नाही. तबला वाजवतो, भजनी मंडळात आणि कधीमधी संगीत नाटकाला. पुतण्यामुळं हा बँड कानावर पडला, त्यामुळं माझं थोडं बाहेरून बोलणं समजा.

'हेरिटेज'बद्दल तुम्ही सगळे गळ्याचं आणि गिटारचं बोलताय. मला तिथं पहिल्यांदा ड्रमर ऐकू आला. आधीच्या 'वॉटरशेड'मध्ये मार्टिन अ‍ॅक्सनरॉट दोन्ही पायांनी जो मारा करायचा, त्यात हाताचं बारीक काम पार दबून जायचं. इथं पाय आवरलेत. आणि मग स्नेअर ड्रमवरचे ते हलके, अर्धवट, ऐकू येतील न येतील असे ठोके कळतात. आमच्यात डाव्याचं काम म्हणतो तसलं. 'फॅमिन'मध्ये सुरुवातीला हातानं वाजवायची तालवाद्यं आहेत, ती पेरूच्या अलेक्स आकुन्यानं वाजवलीत. हा वेदर रिपोर्ट या जॅझ बँडमध्ये वाजवलेला माणूस. मेटल बँडनं त्याला बोलवावं आणि त्यानं यावं, यातच काय ते आलं.

आवाजही कोरडा ठेवलाय. स्टॉकहोमचा अटलांटिस स्टुडिओ, जिथं आबा (ABBA) या स्वीडिश पॉप बँडनं रेकॉर्डिंग केली, तिथं हे झालं. खोलीचा अंदाज येतो कानाला. मला तरी येतो.

आता सांध्याचं. उद्यमबाग म्हणतात की गाणी थांबतात. मी म्हणतो, थांबतात ते बरंच आहे. 'डिलिव्हरन्स' या गाण्याच्या शेवटी एकच अडखळता तुकडा किती तरी वेळ घोळवत नेलाय, आठवतोय? तिथं दोन आघातांमधली रिकामी जागाच वाजते. ती रिकामी जागा धरायला शिकलेला माणूस 'हेरिटेज'मध्ये ती मोठी करून बघतोय.

आणि एक. आपल्या भागातले असून हे कुणीच कसं काढलं नाही? कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व. सुळेभावीला जन्म, 1924. इथून, बेळगावातून, सुळेभावी किती लांब आहे! लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गायचे, लोक वेडे व्हायचे. पुढं मुंबईला देवधर मास्तरांकडं तालीम. मग क्षय झाला. 1948 ला देवासला गेले आणि काही वर्षं गाणंच बंद. 1953 च्या सुमारास परत गायला बसले तेव्हा गाणं पार बदललेलं. ताना छोट्या, मध्येच सोडलेल्या जागा, माळव्याच्या लोकधुनांतून काढलेले राग, निर्गुणी भजनं. त्या वेळीही म्हणणारे म्हणाले असतीलच की आमचा जुना कुमार कुठं गेला. बाकी मी काय बोलू.

मॅजेस्टिकहून

@सात_मात्रा, काका, ड्रमबद्दल शंभर टक्के. पण कुमारजींचं उदाहरण इथं चालत नाही. त्यांना फुप्फुसानं भाग पाडलं. श्वास तुटका होता म्हणून ताना तुटक्या झाल्या, आणि त्यातून त्यांनी सौंदर्य काढलं. ऑकरफेल्टचा घसा ठणठणीत होता. त्याला कुणी भाग पाडलं नाही.

उलट भाग पाडल्याचं खरं उदाहरण हवं तर ड्रीम थिएटर हा बँड घ्या. 1997 चा 'फॉलिंग इन्टू इन्फिनिटी'. रेकॉर्ड कंपनीला रेडिओवर चालेल असं काहीतरी पाहिजे होतं, एका गाण्यासाठी हिट गाणी लिहिणाऱ्या डेस्मंड चाइल्डला आणून बसवलं. बँडच फुटायच्या बेतात आला. दोन वर्षांनी 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' करून ते स्वतःच्या रस्त्यावर आले. तिथं शैली बदलली ती कुणाच्या तरी हिशेबानं, आणि ऐकताना ते कळतं.

'हेरिटेज'ची गोष्ट वेगळी. ऑकरफेल्टनं आधी 'वॉटरशेड'च्याच वळणाची एक-दोन गाणी लिहिली होती. बेस वाजवणाऱ्या मार्टिन मेंडेझनं ती ऐकून सांगितलं की पुढचा अल्बम पण असाच झाला तर माझी निराशा होईल. त्यानं ती गाणी टाकून दिली आणि पहिल्यापासून सुरू केलं. म्हणजे बँडच्या आतलाच माणूस कंटाळला होता. आपण बाहेरचे कंटाळलो नव्हतो, एवढाच फरक.

आणि 'वॉटरशेड' नीट ऐकला असता तर खुणा दिसल्या असत्या. सुरुवातीचं 'कॉइल' आठवा: अकूस्टिक, बाईचा आवाज, ग्राउल नाही. 'बर्डन'च्या शेवटी एक जण गिटार वाजवतोय आणि दुसरा त्याच गिटारच्या खुंट्या पिळून सूर उतरवत नेतोय. स्वतःचाच सूर हातानं उतरवलेला अल्बम आहे तो. गिटारवाला पीटर लिंडग्रेन आणि ड्रमर मार्टिन लोपेझ आधीच गेले होते. नाव तेच, माणसं निम्मी नवी.

खानापुरी

खुणा म्हणे. आम्ही काय पंचांग घेऊन ऐकूलालो होतो काय!

शहापूरची_मावशी

मी इथं पाककृतीच्या धाग्यांवर असते, वाट चुकून आले. माझा मुलगा असलंच काहीतरी ऐकतो, खोलीचं दार लावून. तुम्ही ज्याला ग्राउल म्हणताय तो घशाला अपाय करत नाही का? त्यानं मध्ये स्वतः करून बघितलं आणि दोन दिवस बोलता येईना. हळद-दूध दिलं.

कुमारजींचं नाव वाचून बरं वाटलं. आमच्या घरी रेडिओवर धारवाड आणि सांगली दोन्ही लागायचं. वडील कुमारजींचं भजन लागलं की जेवण थांबवायचे.

मॅजेस्टिकहून

मावशी, मुलाला सांगा की घसा आवळून ओरडायचं नाही. आपल्या खऱ्या स्वरतंतूंच्या वर आणखी एक जोडी असते, एरवी गाताना ती वापरली जात नाही. ग्राउलमध्ये ती कंप पावते आणि सगळा जोर पोटातल्या श्वासावर असतो. तिबेटी भिक्षूंचं खर्जातलं पठण ऐकलं असेल, तिथंही तीच जोडी कामाला येते. शिकून केलं तर लोक तीस-तीस वर्षं करतात. दोन दिवस आवाज गेला म्हणजे तो गळ्यानं ओरडला. थांबवू नका, पण शिकायला लावा.

शहापूरची_मावशी

शिकवणारा कुठं आहे बेळगावात? असो. वाचते आहे, चालू द्या.

पाहुणा_31

हे संगीत आहे? नुसता गोंगाट. आपली नाट्यपदं सोडून कुठल्या देशाची पिशाच्चं ऐकताय.

सात_मात्रा

पाहुणे, मी नाट्यपदांना साथ करतो आणि हेही ऐकतो. दोन्ही होतं एका कानानं.

तिसरं_गेट

पाहुण्यांकडं लक्ष देऊ नका, धागा चांगला चाललाय.

मला कव्हरबद्दल बोलायचंय, कारण तिथं सगळं आधीच सांगितलंय. ट्रॅव्हिस स्मिथनं केलेलं चित्र. एक झाड, त्याला फळांसारखी बँडमधल्या लोकांची तोंडं. एक तोंड गळून पडतंय, ते कीबोर्ड वाजवणाऱ्या पेर विबर्गचं. अल्बमचं काम होताच तो बाहेर पडला. (शीर्षकगीताचा पियानो वाजवलाय तो त्याच्या जागी आलेल्या योआकिम स्वालबर्गनं. जुना माणूस कव्हरवर गळतोय आणि नवा माणूस पहिल्याच गाण्यात वाजवतोय!) झाडाची मुळं जमिनीखाली थेट नरकात गेलीत. डेथ मेटल तिथं आहे, मुळात. वर दिसत नाही इतकंच.

त्यामुळं 'त्यांनी जुनं टाकलं' हे मला पटत नाही. चित्रात त्यांनी ते जागेवर ठेवलंय.

उद्यमबाग

चित्रात ठेवलंय हो. गाण्यात ठेवलंय का ते सांग.

निपाणकर

उशिरा आलो. तंबाखूचा सीझन, वेळ मिळत नाही.

माझी वाट उलटी आहे. मी ओपेथ सुरूच केला 'इन कॉडा व्हेनेनम'पासून. आधी काहीच ऐकलं नव्हतं, त्यामुळं तुमचं दुःख मला नाही. तो अल्बम त्यांनी स्वीडिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत काढला. आधी स्वीडिशमध्ये लिहिला, मग इंग्रजी. वाद्यं तीच, गाणं दोनदा गायलेलं. मी दोन्ही ऐकले आणि स्वीडिशच परत परत लावतो. एक अक्षर कळत नाही. पण तो माणूस स्वतःच्या घरच्या भाषेत गातो तेव्हा आवाज सैल सुटतो, शब्दाच्या शेवटी सूर टेकवायची घाई करत नाही. इंग्रजीत तो जरा इस्त्री केलेला वाटतो.

आपल्या भागात हे सांगायला नको. आमच्या घरात मराठी, दुकानात कन्नड, बँकेत जे चालेल ते. माझा आत्येभाऊ चिकोडीला कन्नड शाळेत शिकला, भजन मराठीत म्हणतो आणि भांडण कन्नडमध्ये करतो. कुणी कुठल्या भाषेत गावं यावरून इथं काय काय झालंय ते सगळ्यांना माहीत आहे, तो विषय मी काढत नाही. पण एक बँड वीसेक वर्षं इंग्रजीत गाऊन झाल्यावर बाराव्या-तेराव्या अल्बमला स्वतःच्या भाषेत येतो, आणि दुसरीही ठेवतो, हे मला ग्राउलपेक्षा मोठं वळण वाटतं. त्यावर कुणी बोलत नाही.

व्यवस्थापक

भाषेच्या राजकारणाकडं धागा वळू देऊ नये. निपाणकरांनी स्वतःच थांबवलंय, बाकीच्यांनीही थांबावं.

मॅजेस्टिकहून

@निपाणकर, चांगला मुद्दा, आणि तो 'हेरिटेज'लाच जाऊन मिळतो. 'हेरिटेज'चा शीर्षकगीताचा पियानो ऐका. त्यात स्वीडिश लोकसंगीताचा वास आहे, 1960 च्या दशकात त्यांच्या जॅझवाल्यांनी लोकगीतं पियानोवर घेतली होती तसला. म्हणजे घराकडं तोंड वळवायला सुरुवात तिथंच झाली. भाषा यायला आणखी आठ वर्षं गेली.

सात_मात्रा

म्हणजे माळव्याच्या धुना. मी आधीच म्हणत होतो.

मॅजेस्टिकहून

काका, तुम्ही सोडणार नाही.

चोर्ला_घाट

मी 2019 ला पुण्यात एनएचसेव्हन विकेंडर या संगीत महोत्सवाला होतो. बेळगावातून आम्ही गाडी करून गेलो. त्या वर्षी ओपेथ होता. 'इन कॉडा' नुकताच आलेला. तेव्हा जे बघितलं ते सांगतो.

नवी गाणी चालू असताना लोक ऐकत होते. डोकी हलत होती, पण मोबाइलही वर होते. मग जुनं गाणं लागलं आणि पहिला ग्राउल आला. त्या माणसानं तोंड फारसं उघडलंसुद्धा नाही, नुसता उभा होता, आणि समोरचं मैदान एकदम पुढं सरकलं. मोबाइल खाली गेले. माझ्या शेजारचा पोरगा रडत होता. त्यानंतर ऑकरफेल्टनं काहीतरी फालतू विनोद केला, तो नेहमी करतो तसा, आणि सगळे हसले.

उद्यमबाग, तुझं सांध्याचं बरोबर असेल. पण मैदानात सांध्याला टाळ्या पडल्या नाहीत.

खानापुरी

हेच! हेच मी म्हणूलालो केव्हापासून!

उद्यमबाग

@चोर्ला_घाट, पण तू स्वतःच काय लिहिलंस बघ. आधी नवी गाणी चालली होती, मग जुनं आलं आणि मैदान सरकलं. सगळीच जुनी असती तर तो एक क्षण तसा आला असता का? त्या रात्रीचं वळण कार्यक्रमाच्या यादीत होतं. म्हणजे 2019 पर्यंत त्यांनी सांधा शोधला होता, फक्त तो गाण्याबाहेर होता.

आता मी 'हेरिटेज' का ऐकतो ते सांगतो. पुढच्या अल्बमात जे जमलं ते इथं जमता जमता राहिलंय, आणि ते ऐकू येतं. 'पेल कम्युनियन' घ्या, 2014 चा. वेल्समधल्या रॉकफिल्ड स्टुडिओत केलेला. त्यातही ग्राउल नाही, पण गाणी थांबत नाहीत. 'मून अबव्ह, सन बिलो' जवळजवळ अकरा मिनिटांचं आहे. त्यात किती भाग आहेत ते मोजायला बसलो की दर वेळी वेगळा आकडा येतो, कारण एक भाग दुसऱ्यात कधी शिरला तेच कळत नाही. कसं केलं? आवाजाचं वजन बदलण्याऐवजी त्यांनी स्वरांचे थर बदलले. मेलोट्रॉन आणि ऑर्गन आधीच मागं वाजत असतात, गिटार बाजूला झाली की ते आपोआप पुढं येतात. जागा रिकामी पडतच नाही. 'रिव्हर'मध्ये तेच काम तीन-चार आवाजांच्या हार्मनीनं केलंय.

'हेरिटेज'मध्ये हेच मेलोट्रॉन आहे, पण ते गिटार थांबल्यावर सुरू होतं. जुन्या सवयीनं. आधी हे, मग ते. पंधरा-वीस वर्षं ज्या हातानं जड-हलकं, जड-हलकं लिहिलं, त्या हाताला जड भाग काढून घेतल्यावरही तीच सवय राहते. फक्त एका बाजूला आता हवा आहे. हे अडखळणं मला आवडतं. पट्टीचा माणूस शिकाऊ झालाय आणि ते लपवत नाही.

(मेलोट्रॉन कुणाला माहीत नसेल तर: कीबोर्डच आहे, पण प्रत्येक पट्टीखाली टेपचा तुकडा असतो. व्हायोलिन, बासरी, गाणाऱ्यांचा समूह असं खरं रेकॉर्ड केलेलं. पट्टी दाबली की टेप फिरते, आठेक सेकंदांत संपते. म्हणून त्याचे सूर जरा डगमगते असतात. आमच्याकडं कॅसेट प्लेअरचा बेल्ट सैल झाला की लागायचं तसलं.)

तिसरं_गेट

मग 'लास्ट विल'मध्ये ग्राउल परत घेतला त्याचं तू काय करणार? तुझ्या हिशेबानं ही माघार.

उद्यमबाग

अजिबात नाही. तिथं ग्राउल एका पात्राचा आहे. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, श्रीमंत घर, बाप मेलाय, मुलं मृत्युपत्र ऐकायला जमलीत. गाण्यांना नावंसुद्धा नाहीत, परिच्छेद एक, परिच्छेद दोन असे सात, आणि शेवटचं तेवढं नावाचं. ग्राउल म्हणजे मेलेला बाप मृत्युपत्रातून बोलतोय. मध्ये जेथ्रो टल या बँडचा इयन अँडरसन निवेदन करतो आणि बासरी वाजवतो. म्हणजे आवाज बदलायला कारण आहे. बोलणारा बदलला की आवाज बदलतो. जुन्या अल्बमांत ग्राउल का आणि साधा गळा का, याला बहुतेक वेळा 'तिथं छान वाटतं' यापलीकडं उत्तर नसायचं.

निपाणकर

मृत्युपत्र, वाटणी, बापानं लपवलेल्या भानगडी. हे ऐकायला स्वीडनला कशाला जायचं, आमच्या तालुक्याच्या कोर्टाबाहेर बसा. पण बाप ग्राउलमध्ये बोलतो हे भारी आहे. आमचे अण्णा तसेच बोलतात, जिवंतपणी.

मॅजेस्टिकहून

'जुन्या अल्बमांत उत्तर नसायचं' हे मान्य नाही. 'स्टिल लाइफ' (1999) अख्खी गोष्टच आहे. गावानं हाकललेला माणूस प्रेयसीसाठी परत येतो. तिथं रागाला ग्राउल आहे आणि तिच्याशी बोलताना साधा गळा. ते 'छान वाटतं' म्हणून नाही.

उद्यमबाग

'स्टिल लाइफ' अपवाद म्हणून देतो. 'ब्लॅकवॉटर पार्क'वर तोच नियम लावून दाखव.

मॅजेस्टिकहून

लावतो. रविवारी सविस्तर लिहितो, ऑफिसचा लॅपटॉप आहे हा.

आणि एक राहिलं. नव्या अल्बमवर ड्रमला फिनलंडचा वाल्टेरी वायरूनेन आहे, 2022 पासून. सात_मात्रा काका, तुम्ही ऐकलात का? पायही आहेत आणि हाताचं बारीक कामही आहे.

सात_मात्रा

ऐकलं. पोरगं तयारीचं आहे. पण स्नेअरवर जरा घाई करतो. अ‍ॅक्सनरॉट 'हेरिटेज'मध्ये सम आली तरी क्षणभर बसून राहायचा, ती ऐट याच्यात अजून नाही. वय आहे, येईल.

शहापूरची_मावशी

मला एक सांगा, मुलाशी बोलायला म्हणून ऐकायचं असेल तर कुठून सुरू करू? फार आदळआपट नको.

तिसरं_गेट

मावशी, 'डॅमनेशन'. डोळे झाकून. पहिलंच गाणं 'विंडोपेन'. रात्री जेवणं झाल्यावर लावा. मग 'पेल कम्युनियन'मधलं शेवटचं 'फेथ इन अदर्स'. त्यात व्हायोलिनं आहेत. मुलाला मात्र सांगू नका की मी सुचवलं, नाहीतर त्याला वाटेल आम्ही म्हातारे झालो.

सात_मात्रा

आणि 'हेरिटेज'चं शेवटचं 'मॅरो ऑफ द अर्थ'. त्यात गाणंच नाही, नुसतं वाजवणं आहे. तुमच्या वडिलांनीही जेवण थांबवलं असतं.

खानापुरी

सगळे एवढं बोलूलालेत म्हणून काल 'पेल कम्युनियन' लावला. आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण. खानापूरला पाऊस चालू, लाइट गेलेली, मोबाइलवर हेडफोन लावून बसलो.

'मून अबव्ह'मधले भाग मीही मोजले. सहा आले.

उद्यमबाग

मला परवा आठ आले होते.

खानापुरी

मग तुझा सांधा आहे म्हणायचं तिथं. ठीक आहे की. पण 'वॉटरशेड'च्या खालीच राहणार तो, लिहून ठेव. आणि 'हेरिटेज' मी परत लावणार नाही, मेंडेझ स्वतः सांगायला आला तरी.